सोसायटीत रोज त्याच वेळी नेट का जातं?

"नेट आहे का कुणाकडे?"

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षी सगळ्यांत जास्त वेळा आलेला मेसेज हा. पाणी, पार्किंग, भटकी कुत्री सगळे मागे पडले. रात्री साडेनऊनंतर कुणीतरी तो टाकायचं. मग 'आमचंही गेलं', 'आमचं चालू आहे', 'राउटर बंद करून चालू करा' अशी पंधरा-वीस उत्तरं यायची आणि तोवर नेट परत आलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी तेच.

मी इंजिनिअर नाही. हिशेबाची नोकरी करते आणि दोन वर्षांपासून सोसायटीची सेक्रेटरी आहे. म्हणजे लिफ्ट अडकली काय, गच्चीची किल्ली हरवली काय नि नेट गेलं काय, फोन मलाच. पुण्यातली जुनी इमारत, दोन विंग, सात मजले, ५६ फ्लॅट. दोन्ही विंगमध्ये रोज ठरावीक वेळी नेट जायचं आणि दोन्हीकडची कारणं एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली निघाली. हे लिहून ठेवते, कारण ग्राहक सेवेच्या फोनवर एकच मंत्र मिळतो: राउटर रिस्टार्ट करा.

नेमकं तेच आधी करू नका. नेट गेलं की दोन मिनिटं थांबा आणि कागदावर लिहा: किती वाजले, राउटरवरचे कोणते दिवे लागलेत, शेजारच्यांचं चालू आहे का. रिस्टार्ट केला की यातला अर्धा पुरावा पुसला जातो. आमच्याकडे तर दोन्ही वेळा रिस्टार्टमुळेच प्रकरण वाढलं होतं. ते पुढे येईलच.

वायर कुठून येते ते आधी बघा

इमारतीत नेट साधारण दोन प्रकारे येतं. एक, फायबर थेट घरापर्यंत. रस्त्यावरच्या खांबावरून काचेची तार गच्चीवर येते, तिथल्या किंवा डक्टमधल्या डबीत स्प्लिटर असतो, तो एका तारेतला प्रकाश ८, १६ किंवा ३२ घरांत वाटतो. स्प्लिटरला वीज लागत नाही. घरात बारीक तार येते आणि तिच्या टोकाला बहुतेक वेळा हिरवी चौकोनी पिन असते.

दुसरा प्रकार जुना, पण अजून भरपूर दिसतो. फायबर फक्त गच्चीवरच्या लिफ्टरूमपर्यंत येतं. तिथे पत्र्याच्या पेटीत एक स्विच, म्हणजे वायरी वाटणारा डबा, आणि तिथून प्रत्येक फ्लॅटला तांब्याची जाड केबल. टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकची क्लिप. या पेटीला वीज लागते, आणि ती वीज कुणाच्या तरी प्लगमधून येते. हे वाक्य लक्षात ठेवा.

घरात कुठली पिन आहे ते बघायला अर्धं मिनिट पुरतं. आमच्या ग्रुपवरचा निम्मा गोंधळ यानेच होता. थेट फायबरवाले म्हणायचे, 'आमचं तर व्यवस्थित आहे, तुमचा राउटर खराब'. तांब्याच्या केबलवाल्यांनी त्या जोरावर तीन नवे राउटर विकत घेतले.

ए विंग: मोटरची वही

ए विंगमधल्या तांब्याच्या केबलवर असलेल्या घरांचं नेट रात्री साडेनऊ ते दहाच्या मध्ये कधीतरी जायचं आणि सकाळी सहाच्या सुमारास. सकाळचं कुणाच्या लक्षात यायचं नाही. रात्री चार-पाच मिनिटं, कधी दहा. सगळे म्हणायचे, 'रात्री लोड येतो'. मलाही ते पटायचं.

मग मी वेळा लिहायला लागले. तीन आठवडे, कॅलेंडरवर पेन्सिलने. ९:३८, ९:५१, ९:३३. लोडमुळे नेट मंदावेल, एका झटक्यात सगळ्यांचं बंद होऊन सगळ्यांचं परत कसं येईल? आणि दुसरी गोष्ट, तीनपैकी दोन गुरुवार रिकामे. आमच्याकडे महापालिकेची दुरुस्ती असली की गुरुवारी पाणी बंद असतं. ते दोन गुरुवार बंदचेच होते.

खाली जाऊन वॉचमनदादांना विचारलं, मोटर कधी लावता? त्यांनी खुर्चीखालून वही काढली. पाण्याच्या वेळा लिहायची शिस्त आधीच्या चेअरमनकाकांनी लावलेली. शाईने लिहिलेलं: ९:३७ चालू, १०:२० बंद. माझ्या कॅलेंडरवर ९:३८. वरच्या पानावर ९:५०, माझ्याकडे ९:५१. दादा म्हणाले, "ताई, मोटर लावली की वरच्या जिन्यातला दिवा पण मिचमिचतो. मी सांगितलं होतं पेंटिंगच्या वेळी." सांगितलं होतं. मीच 'बघू' म्हणाले होते.

मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. वायरिंग धड असेल तर तो झटका कुणाला कळतही नाही. आमच्या कॉमन मीटरच्या मेन स्विचमध्ये एका फेजचा फ्यूज-होल्डर जळून काळा पडला होता. झटका आला की त्या फेजवरचं व्होल्टेज खाली बसायचं. लिफ्टरूमचा प्लग त्याच फेजवर आणि केबलवाल्याची, म्हणजे नेट पुरवणाऱ्याची, पेटी त्या प्लगवर. पेटीतला स्विच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. त्याला लागायचं जेमतेम एक मिनिट.

मग चार-पाच मिनिटं कशाला? ही खरी गंमत. या नेटला युजरनेम-पासवर्ड लागतो. राउटर तो वापरून केबलवाल्याच्या सर्व्हरवर हजेरी लावतो. वीज अचानक गेली की आधीची हजेरी तिकडे तशीच उघडी राहते, आणि नवी लावायला गेलं की सर्व्हर म्हणतो, तुम्ही तर आत आहात. जुनी हजेरी आपोआप मिटेपर्यंत थांबावं लागतं. त्याच वेळात लोक राउटर दोनदा-तीनदा बंद-चालू करायचे, तो दर वेळी पहिल्यापासून उभा राहायचा, आणि चार मिनिटांची दहा व्हायची. न शिवता बसलेल्यांचं नेट सगळ्यांत आधी परत येत होतं!

उपाय: वायरमनने फ्यूज-होल्डर बदलला. ते तसंही आगीचं निमंत्रण होतं. पेटीतल्या स्विचला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, जो राउटरसाठी दुकानात सहज मिळतो. घेताना अडॅप्टरवरचा छापील आकडा बघा: १२ व्होल्ट, १ अँपिअर की २. अडॅप्टर २ अँपिअरचा आणि यूपीएस एकचा घेतलात तर डबा सारखा बंद पडत राहील. स्विच ५ किंवा ९ व्होल्टवर चालणाराही असतो, त्याला १२ चा जोडू नका. पैसे सोसायटीने द्यायचे की केबलवाल्याने यावर कमिटीत दीड तास गेला. निम्मे-निम्मे ठरलं.

तुमच्याकडे मोटर नसेल, दुसरं काही असेल. जिन्यातल्या दिव्यांचा टायमर, लिफ्ट, जनरेटरवर जाताना बसणारा धक्का. ज्या घटनेची वेळ नेटच्या वेळेशी जुळते तिच्या मागे लागा. घरच्या इन्व्हर्टरचंही तेच. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर असूनही राउटर रिस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि इको असं बटण आहे का बघा. इकोवर असेल तर वीज बदलायला तो जास्त वेळ घेतो. पंख्याला कळत नाही, राउटरला कळतं.

बी विंग: पाचव्या मजल्यावरचा राउटर

बी विंगचा केबलवाला वेगळा. त्याच्या नेटला पासवर्ड नाही. वायर जोडली की राउटरला वरून पत्ता, म्हणजे नेटवरचा ओळख-आकडा (आयपी ॲड्रेस), आपोआप मिळतो. दिवाळीनंतर तिथे नवीच तऱ्हा सुरू झाली. संध्याकाळी आठनंतर काही घरांत वाय-फाय पूर्ण दिसतंय, पण नेट नाही. काहींचं उत्तम. कुणाचं जाईल याला काही नियमच नाही. ६०१ मधल्या आजी म्हणाल्या, "माझं कधीच जात नाही. मी त्या डब्याला हातच लावत नाही." मी हसले. उत्तर त्यातच होतं.

एका रात्री ४०२ च्या काकांचं नेट गेलं तेव्हा राउटरचं पान उघडलं. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की ते उघडतं. पत्ता त्याच्या बुडाच्या स्टिकरवर असतो. आत 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेल्या भागात बाहेरून मिळालेला पत्ता दिसतो. चालू असलेल्या घरांत तो १० ने सुरू होत होता. काकांच्या राउटरवर १९२.१६८.०.१०७. हा पत्ता कंपनीचा नाही, हा कुणाच्या तरी घरातल्या राउटरने दिलेला पत्ता.

मग भिंतीतून येणारी केबल राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावली आणि १९२.१६८.०.१ उघडलं. समोर लॉगिनचं पान आलं, भलत्याच कंपनीच्या राउटरचं. काका म्हणाले, "अरे, हा कोण आपल्या घरात?"

५०२ मध्ये नवे भाडेकरू आले होते, कॉलेजची चार मुलं. राउटरला मागे पाच भोकं असतात. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असतं, बाहेरून येणारी वायर त्यात. मुलांनी ती बाजूच्या भोकात लावली होती. अशा वेळी तो राउटर उलट्या दिशेने, सगळ्या विंगला पत्ते वाटायला लागतो. मुलं आठला घरी येऊन बटण दाबणार, आणि त्यानंतर जो कुणी आपला राउटर रिस्टार्ट करेल त्याला केबलवाल्याच्या आधी ५०२ उत्तर देणार. जे चालू होते त्यांच्याकडे आधीचा खरा पत्ता होता, म्हणून त्यांचं काही बिघडत नव्हतं. आजींचं नेट का जात नव्हतं ते कळलं ना? नेट जरा मंद वाटलं म्हणून रिस्टार्ट करणारे एकामागून एक जाळ्यात सापडत होते.

मुलांची चूक म्हणवत नाही. त्यांचंही नेट कधी चालायचं, कधी नाही. त्यांना वाटत होतं, या बिल्डिंगचंच नेट तसं आहे.

फ्लॅट शोधायला मात्र दोन तास गेले. लिफ्टरूममधल्या पेटीत २४ वायरी, एकीवरही नंबर नाही. केबलवाल्याचा मुलगा एकेक उपटत होता, मी खाली ४०२ मध्ये लॅपटॉपवर बघत होते आणि फोनवर ओरडत होते, 'नाही, अजून नाही.' अकरावी वायर निघाली आणि ते परकं लॉगिनचं पान गायब झालं. त्याच रात्री चिकटपट्टी आणि मार्कर घेऊन सगळ्या वायरींवर फ्लॅट नंबर टाकून घेतले. केबलवाल्याला सांगून स्विचमध्ये एका घराची वायर दुसऱ्या घराशी बोलणार नाही अशी सेटिंग करून घेतली. त्याच्या स्विचमध्ये ती सोय होती, वापरलीच नव्हती. तुमच्याकडे त्याने 'तशी सोय नाही' म्हटलं तर स्विच बदलायला सांगा, कारण हे पुन्हा होणारच. भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलतात.

जाता जाता: बाहेरचा पत्ता १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ मधल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर घाबरू नका. कंपन्या एकच खरा पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्याची ती खूण. नेट नीट चालतं. फक्त गावाहून घरच्या कॅमेऱ्याला थेट जोडायला गेलात तर जमत नाही.

फक्त तुमचंच जात असेल

विंगमध्ये बाकी सगळे ठीक आणि तुमचंच रडगाणं असेल, तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून बघा. केबलवर नेट उत्तम आणि मोबाइलवर नाही, तर कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही. गोष्ट वाय-फायची आहे. आपल्याकडे वायर मुख्य दारातून येते म्हणून राउटर दारामागे, चपलांच्या कपाटावर किंवा पीओपीच्या पोकळीत. मध्ये काँक्रीटची भिंत, तिच्या पलीकडे आरशाचं कपाट. दहा मीटर वायर ओढून राउटर घराच्या मध्यावर आणा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतील. वाय-फाय बहुतेक २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ वर शेजारपाजारचे वीस राउटर एकमेकांवर ओरडत असतात, मायक्रोवेव्हही तिथेच. मोबाइल आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर टाका. २.४ लागणारच असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ यांतला जो कमी गर्दीचा तो हाताने निवडा.

प्लॅन ३०० एमबीपीएस वेगाचा आणि केबल लावूनही वेग ९४-९५ वर अडकतोय? आकडा इतका ठरावीक असेल तर केबल बघा. आत तारांच्या चार जोड्या असतात. एक जरी तुटली किंवा पिनमध्ये नीट बसली नसली, की दोन जोड्यांवर काम चालतं आणि वेग १०० च्या खाली अडकतो. आमच्या २०३ मध्ये सोफ्याच्या पायाखाली केबल चेपली होती. दोन वर्षं ते ३०० चे पैसे भरत होते.

पावसाळ्यात जाणारं नेट

पहिला वळीव आला की तांब्याच्या वायरीवाल्यांचे राउटर वीज कडाडल्याने जळतात. तारेतून झटका येतो आणि भोक मरतं, बाकी डबा चालू दिसतो. वादळ आलं की अडॅप्टर आणि वायर दोन्ही काढा. काचेच्या तारेतून असा झटका येत नाही, पण अडॅप्टरमधून येतोच.

फायबरचं दुखणं वेगळं. तार दुमडली, उंदराने कुरतडली, डबीत पाणी शिरलं, की प्रकाश कमी पोचतो. 'एलओएस' नावाचा दिवा लाल झाला म्हणजे प्रकाश येतच नाही. तेव्हा रिस्टार्टने काहीही होणार नाही, थेट तक्रार करा. त्याआधीची पायरी जास्त छळते: लाल दिवा नाही, पण नेट येतं-जातं. डब्याच्या पानावर 'आरएक्स पॉवर' किंवा 'ऑप्टिकल पॉवर' असा आकडा असतो, डीबीएम या प्रकाशाची ताकद मोजायच्या एककात आणि उणे. उणे १८ ते २३ असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या पलीकडे गेला की डब्याला प्रकाश नीट वाचता येत नाही. कोरड्या दिवशी आकडा लिहून ठेवा, मग पावसात बघा. ए विंगच्या ७०३ मध्ये उन्हाळ्यात उणे २१ होता, जुलैत उणे २८. 'पाऊस आला की नेट जातं' असं सांगितल्यावर महिनाभर कुणी फिरकलं नव्हतं. हे दोन आकडे सांगितल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी आला आणि गच्चीवरची डबी उघडली. कबुतराने तिच्यावरच संसार थाटला होता, झाकण अर्धवट उघडं आणि आत पाणी.

हिरवी पिन निळ्या भोकात लावू नका. बसते, पण तोंडाचा कोन वेगळा असल्याने प्रकाश वाया जातो. आणि उरलेली तार रबरबँड लावून घट्ट गुंडाळू नका. चहाच्या बशीएवढं सैल वेटोळं ठेवा.

खरंच लोड असेल तर

कधीकधी ग्रुपवाले बरोबरही असतात. त्याची खूण अशी की नेट जात नाही, मंदावतं. सकाळी सहाला आणि रात्री दहाला, दोन्ही वेळा केबल लावून वेग मोजा आणि आठवडाभर लिहा. सकाळी ९० आणि रात्री १२ असं रोज दिसलं तर केबलवाल्याने पुढून जेवढं नेट घेतलंय त्यापेक्षा जास्त घरांना विकलंय. तुमच्या घरात करण्यासारखं काही नाही. आठवड्याच्या आकड्यांचा कागद घेऊन दहा जणांनी मिळून जा. एकेकट्याला 'उद्या बघतो' हेच उत्तर मिळतं.

तक्रार करताना क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तक्रार न सुटताच बंद केली, तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं; ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांत ती सोय आहे, आणि अपिलात तो क्रमांकच मागतात. समोरच्याने रिस्टार्ट सांगितला तर 'केला, एलओएस लाल आहे' किंवा 'बाहेरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होतोय' एवढंच बोला. पुढचे चार प्रश्न वाचतात.

एका विंगला एकच केबलवाला असेल तर कमिटीने दुसऱ्याला गच्चीवर येऊ द्यावं. आमच्याकडे दुसरी कंपनी विचारायला आली त्याच आठवड्यात जुन्याने पेटीतला स्विच बदलला, न सांगता.

ग्रुपवरचा मेसेजही आता आम्ही बदललाय. 'नेट आहे का' विचारायचं नाही. विंग, फ्लॅट, कंपनी, वेळ, दिवा, एवढं लिहायचं. गेल्या मंगळवारी दुपारी सव्वातीनला ए विंगमधून असे सहा मेसेज आले, सगळे तांब्याच्या केबलवरचे, सगळ्यांची वेळ एकच. मोटर बंद होती, यूपीएस होता, तरी नेट नाही. वर गेले. लिफ्टची सर्व्हिसिंग करायला आलेल्या माणसाने मोबाइल चार्ज करायला आमचा प्लग काढला होता, आणि तासाभरात यूपीएस संपला होता. आता त्या प्लगवर लाल मार्करने लिहिलंय: नेटचा आहे, काढू नये. शेजारी एक रिकामा सॉकेट बसवून घेतलाय, चार्जरसाठी.